थायरॉईड मंदावलेला असताना शुगर तपासताय? या चुका टाळा

उपाशीपोटी शुगर ९४, जेवणानंतर दोन तासांनी १२४, आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) मात्र ५.९. असा रिपोर्ट आला की 'प्रीडायबेटिस', म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी, म्हणून घरात लगेच भात बंद होतो. त्याच कागदावर टीएसएच (थायरॉईड मंदावला की वाढणारं हार्मोन) २०च्या वर आहे, हे कुणी पाहत नाही. सगळ्यात मोठी चूक हीच: एचबीए१सी एकटा वाचणं.

तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे एचबीए१सी सांगते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की नव्या पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं. या जुन्या पेशी साखरेच्या संगतीत जास्त दिवस राहिलेल्या असतात. म्हणून साखर न वाढताही आकडा थोडा चढतो. लोहाच्या कमतरतेनेही तो चढू शकतो आणि बायकांमध्ये या दोन तक्रारी बरेचदा जोडीने असतात. तेव्हा हिमोग्लोबिन आणि फेरिटिनबद्दलही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) डॉक्टरांना विचारा. एचबीए१सीऐवजी फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी तपासणी) करून फारसं साधत नाही. मंद थायरॉईडमध्ये तेही वाढलेलं दिसू शकतं.

याचा अर्थ सगळं थायरॉईडवर ढकलायचं असा मात्र नाही. उपाशीपोटी शुगर दोनदा १२६ किंवा त्याहून जास्त आली तर तो मधुमेहच.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराईड (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. थायरॉईड मंद असताना इन्शुलिन शरीरात रेंगाळतं, यकृतही साखर कमी बनवतं, त्यामुळे शुगर एकदम उतरू शकते. उपचार सुरू झाले की उलट इन्शुलिनची गरज वाढू शकते. मग 'थायरॉईडच्या गोळीने शुगर वाढली' असं ठरवून काही जण गोळीच सोडून देतात. कृपा करून असं करू नका; डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

गोळी सुरू केल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात. एचबीए१सीची घाई नको. टीएसएच स्थिरावल्यावर तीन महिने जाऊ द्या. तोवर ग्लुकोमीटरवरच्या उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या नोंदी ठेवा.

तपासणीच्या सकाळी थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घेतली तर उपाशीपोटीच्या शुगरला बाधा येत नाही, पण फ्री टी४ही (थायरॉईड हार्मोनची तपासणी) करायची असेल तर गोळी रक्त दिल्यावर घ्या. आणि केस गळतात म्हणून बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) चालू असेल तर ते आधी सांगा. काही लॅबच्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात.