सोसायटीच्या गच्चीवर सोलर: ठरावापासून हरकतीपर्यंत

एसी 24 वर ठेवा, पंखे बंद करा, असे मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळाभर फिरतात. त्यात वाईट काही नाही. एसीचं तापमान एक अंश वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. पण 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या नव्या एसीला 24 हेच सुरुवातीचं तापमान सक्तीचं झालं, आणि आता कुणी आठवण न करता ते एसी 24 वरच सुरू होतात. मी सोसायटीची खजिनदार. मला यातून एवढंच कळलं की आपल्या घरातली बटणं बंद करून झाली, की पुढचं काम कॉमन मीटरवर आणि सरकारी कागदावर आहे. गच्चीवर सोलर बसवण्यापासून वीजदराच्या प्रस्तावावर हरकत देण्यापर्यंत ते कसं करायचं, ते सांगते.

आधी वर्षभराची बिलं काढा. कॉमन मीटरवर लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे असतात. महावितरण हे मीटर घरगुती दरातच धरतं, म्हणजे स्लॅबही (महिन्याच्या वापरानुसार दराचे टप्पे) तेच: 100 युनिटांपर्यंत, 300 पर्यंत, 500 पर्यंत आणि त्याच्या वर. घरात आपण 300 ओलांडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतो. सोसायटीचा आकडा मात्र अर्धा महिना व्हायच्या आतच 500 पार करतो आणि पुढचं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग पडतं. सोलर आधी हीच वरची युनिटं खातं. म्हणून बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नका, शेवटच्या स्लॅबपासून खाली करत या. सभेत हाच मुद्दा लोकांच्या डोक्यात शिरतो.

क्षमता ठरवणं सोपं आहे. 1 किलोवॅटला सावली नसलेली साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिटं मिळतात. आमचा खप महिन्याला हजाराच्या थोडा पुढे, म्हणून 10 किलोवॅट. व्हेंडर 15 सुचवेल. ऐकू नका. जास्तीची युनिटं पुढच्या बिलात वळती होतात खरी, पण 31 मार्चला जी उरतात त्यांना मिळणारा भाव आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय 2024 च्या केंद्रीय नियमांनुसार 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट नाही.

अनुदानात लोकांचा हमखास गोंधळ होतो. पीएम सूर्यघर योजनेत एकट्या घराला 3 किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात. ते ऐकून सभासद तोच गुणाकार करू लागतात. सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे 18,000, म्हणजे 10 ला 1,80,000. तेही सगळं बसवून, मीटर लागून झाल्यावर खात्यात येतात. तोवर पूर्ण रक्कम आपणच उभी करायची. सिंकिंग फंडाला हात लावू नका, तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे. फ्लॅटमागे वर्गणी बरी. आणि एखादं कोटेशन फारच स्वस्त आलं, तर पहिला प्रश्न विचारा: पॅनल डीसीआर आहेत का? म्हणजे त्यातले सेलही भारतात बनलेले आहेत का? नसतील तर अनुदान विसरा.

खरी लढाई सभेत. वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी द्यावी लागते. विषयपत्रिकेत सोलरचा विषय रकमेसकट स्पष्ट लिहा. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" यात तो ढकललात, तर पुढे कुणीतरी ठरावालाच हरकत घेतो.

वरच्या मजल्यावरच्या काकू उठतात. "आमच्या बेडरूमचं छत आधीच गळतंय, त्यावर आणखी भोकं पाडणार का?" बरोबर बोलतात त्या. वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या, नंतर वर पॅनल बसलेले असताना ते होत नाही. स्लॅबमध्ये ड्रिल न मारता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करता येतं. ठोकळ्यांचं वजन आणि वाऱ्याचा जोर इंजिनिअरकडून तपासून घ्या, व्हेंडरच्या शब्दावर जाऊ नका. मग पापड-कुरडयांचा प्रश्न निघतो. त्याला उत्तर म्हणजे उंच स्ट्रक्चर, खालून माणूस उभा चालेल एवढं. खर्च वाढतो, पण मतं मिळतात. टाकीची सावली दुपारी तीननंतर कुठवर येते ते स्वतः गच्चीवर जाऊन खडूने आखा, तेही हिवाळ्यात, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात. आणि गच्चीवर नळ नसेल तर तो घेऊन ठेवा. पॅनल धुतल्याशिवाय उन्हाळ्याच्या धुळीत उत्पादन उतरतंच.

कार्बनचा आकडा मी सगळ्यात शेवटी ठेवला. आमच्या गच्चीवरून नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. आपल्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 10 किलोवॅट वर्षाला अंदाजे 14,000 युनिटं देतं, म्हणजे दहा टनांच्या आसपास बचत. माझ्या मते सभेत पैशाचा विषय संपल्यावरच हे बोलावं. उलट क्रमाने बोललात तर लोक मोबाइल काढतात.

पॅनल बसले म्हणजे काम संपलं, असं मानणाऱ्या सोसायट्या मला पटत नाहीत. तुमचा सगळा हिशेब राज्यातले वीजदर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाच्या एका आदेशाने बदलू शकतो. 2025 च्या सुरुवातीला महावितरणच्या दरप्रस्तावात दिवसा तयार झालेली सौर युनिटं दिवसाच्याच वापरातून वळती करायची, असा मुद्दा होता. रात्री दिवे आणि लिफ्ट चालवणाऱ्या सोसायटीला त्याची झळ लगेच कळते. राज्यभरातून त्यावर हरकती गेल्या.

अशी हरकत कुणीही देऊ शकतो, वकील लागत नाही. प्रस्तावाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. त्यातला प्रकरण क्रमांक आणि शेवटची तारीख टिपून घ्या. एका पानात लिहा. वर सोसायटीचं नाव आणि ग्राहक क्रमांक, खाली प्रस्तावातला नेमका मुद्दा, मग तुमच्या बिलावर होणारा फरक रुपयांत. सोबत एक बिल जोडा. "पर्यावरणाचे रक्षण व्हावे" अशी वाक्यं टाळा, आयोग आकडे मागतो. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर तसं अर्जातच लिहा. पोच जपून ठेवा, आणि सुनावणीत नाव पुकारलं की एकच मुद्दा मांडा, कारण मागे बरेच जण रांगेत असतात.