गोड्या पाण्यातल्या माशांसाठी फिलेची सुरी कशी निवडावी

पैठणचा नाथसागर असो, माजलगावचं धरण असो की नांदेडजवळचं विष्णुपुरी, मराठवाड्याच्या बाजारात ताजी मासळी म्हणजे बहुतेक गोड्या पाण्यातलीच. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, चिलापी, अधूनमधून मरळ, वाम, शिवडा. आपल्याकडची पद्धत तुकड्यांची. विक्रेता पायाखाली विळी दाबून धरतो आणि मासा आडवा चिरून देतो. रस्सा करायचा असेल तर हेच बरं, कारण काट्यासकट शिजलेल्या तुकड्याची चव रश्श्यात उतरते. फिलेची सुरी लागते ती पाठीच्या काट्यापासून अख्खी बाजू सोडवून घ्यायला. लहान मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना बिनकाट्याचा मासा द्यायचा असतो, तव्यावर सलग फोड तळायची असते, तेव्हा ती हाताशी हवी.

सुरी घेण्याआधी घरात कोणता मासा जास्त येतो ते बघा. लांबी आणि लवचीकपणा त्यावरच ठरतो. अर्ध्या-पाऊण किलोच्या चिलापीला ६ इंचाचं, चांगलं लवणारं पातं पुरतं. किलो-दीड किलोच्या मरळीला ७ इंच आणि मध्यम लवचीक. २ ते ४ किलोच्या कटल्या-रोहूला मात्र ८ इंचाचं, थोडं ताठ पातं घ्या. कटल्याच्या बरगड्या जाड असतात. फार लवणारं पातं त्यांच्यावरून जाताना वाकडंतिकडं होतं, आणि मांसात पायऱ्या पडतात. उलट चिलापीवर ताठ पातं चालवलं तर ते बरगड्यांच्या गोलाईत बसत नाही, सरळ पुढं जातं आणि निम्मं मांस काट्यालाच राहतं. एकच सुरी घ्यायची असेल तर ७ इंच, मध्यम लवचीक ही निवड सगळ्यांत कमी फसते.

दुकानात सुरी हातात घेतली की आधी पात्याची पाठ बघा. मुठीजवळ २ मिलिमीटरच्या आसपास जाडी आणि टोकाकडं हळूहळू पातळ होत गेलेली, हे बरोबर. मुठीपासून टोकापर्यंत जाडी तेवढीच असेल तर ती साधी भाजीची सुरी आहे, नाव काहीही असो. रुंदी १८ ते २० मिलिमीटर ठीक; रुंद पातं काट्यावरून वळत नाही, मांसात अडकतं. मग टोक लाकडी फळीवर टेकवून हलकेच दाबा. ६-७ इंचाचं पातं साधारण इंचभर लवलं पाहिजे, आणि सोडल्याबरोबर सरळ झालं पाहिजे. जरासा बाक तसाच राहिला तर पोलाद मऊ आहे, ती सुरी ठेवून द्या. शेवटी पातं डोळ्यासमोर धरून धारेच्या रेषेवरून नजर टाका. पीळ असेल तर तिथंच दिसतो.

पोलाद स्टेनलेस घ्यावं, आणि कडकपणा लिहिलेला असेल तर ५६ ते ५८ एचआरसी (पोलादाचा कडकपणा मोजायचं रॉकवेल माप). यापेक्षा मऊ पात्याची धार दोन-चार माशांत बसते. फार कडक असेल तर काट्याला लागून धारेचे कण उडतात. कार्बन पोलादाला धार सुरेख चढते, पण मासा म्हणजे ओल, मीठ आणि लिंबू. पुसायला जरा उशीर झाला की गंज आलाच. लोहाराकडं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची सुरी मिळते. ती मजबूत असते, डोकं फोडायला आणि पाठीचा काटा तोडायला तीच वापरा. फिलेसाठी मात्र ती जाड पडते. हॅकसॉच्या जुन्या पात्याची सुरी घेऊच नका. ते पोलाद कडक पण ठिसूळ असतं, लवताना काडकन मोडतं, आणि तुकडा डोळ्याकडं उडू शकतो.

मुठीकडं बहुतेकजण बघतच नाहीत, आणि हात कापतो तो मुठीमुळं. मरळीचा बुळबुळीतपणा हाताला लागला की गुळगुळीत लाकडी मूठ निसटते आणि बोटं सरळ धारेवर जातात. खरखरीत प्लास्टिकची किंवा रबरासारखी पकड देणारी मूठ घ्या, आणि मूठ व पातं यांच्या मधे बोट अडेल असा उंचवटा हवाच. दुकानात हात ओला करून धरून बघा. लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते, फटीत घाण बसते, वास जात नाही.

पहिल्याच दिवशी सुरीची धार घालवतात ते खवले. म्हणून खवले आधी खवलणीनं किंवा जुन्या सुरीच्या पाठीनं काढून घ्या. मरळ आणि वाम धरताना हाताला राख किंवा जाडं मीठ लावा. कल्ल्यामागं तिरका काप द्या, सुरी पाठीच्या काट्याला लागली की थांबा, तो तोडू नका. मग पातं आडवं करून, डोक्याकडून शेपटीकडं, काट्याला चिकटून न्या. बरगड्यांवरून जाताना बारीक कट-कट आवाज येतो. तो येत असेपर्यंत पातं बरोबर जागी आहे. आवाज थांबला की पातं वर उचललं गेलंय आणि काट्यावर मांस राहतंय, तेव्हा थोडं मागं घेऊन पुन्हा खाली टेकवा. करवतीसारखं घासू नका, लांब ओढ द्या.

मरळ आणि चिलापीची फोड बरगड्या काढल्या की जवळपास बिनकाट्याची होते. रोहू, कटला, मृगळ यांचं तसं नाही. त्यांच्या मांसातच दुफाटी बारीक काटे असतात, ते कुठल्याही सुरीनं पूर्ण निघत नाहीत. तिथं कातडी ठेवून, मांसाच्या बाजूनं दोन-तीन मिलिमीटर अंतरानं आडवे काप द्यायचे, कातडीपर्यंत पण कातडी न कापता. असे काप दिलेली फोड कडक तळली की काटे कुरकुरीत होऊन दाताखाली विरतात. सुरीची खरी परीक्षा इथंच होते. बोथट पातं काप देत नाही, मांस चेंदतं.

म्हणून सुरीबरोबरच धार लावायचा दगड घ्या, एक बाजू १००० ग्रिटची आणि दुसरी ३००० च्या पुढची (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक). दगड भिजवा, पात्याची पाठ सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या तीन नाण्यांइतकी उचला, आणि तोच कोन राखून दोन्ही बाजू सारख्या घासा. २० मिलिमीटर रुंद पात्याला यातून साधारण १५ अंशांचा कोन मिळतो. दगडाला न लागलेल्या बाजूनं धारेवर बारीक खरखर बोटाला जाणवली की बाजू बदला. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडं ही सुरी देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ पातं तापतं, धारेला निळसर रंग येतो, आणि तेवढ्या भागाचा कडकपणा गेलेला असतो. मग ती जागा कितीही घासली तरी धार टिकत नाही.

काम संपल्यावर लगेच साबणानं धुवा, कोरड्या फडक्यानं पुसा. आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. तसंच वाळू दिलं तर पात्यावर पांढरे डाग बसतात, आणि मीठ राहिलं तर स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. चामड्याच्या म्यानात ओली सुरी घालू नका. भाजीच्या सुऱ्यांच्या डब्यात टाकली तर धार धारेवर आपटते, त्यापेक्षा जाड पुठ्ठा दुमडून त्याचंच म्यान करा, आणि पुठ्ठा दमट झाला की बदला.