नवा डॅक घेण्याआधी या चुका टाळा

डॅक (डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर) म्हणजे गाण्याच्या फाइलमधल्या आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारे उपकरण. आज साधा डॅकही हे काम चोख करतो. त्यामुळे 'आवाज सुधारला' किंवा 'बिघडला' असे वाटले, तर कारण बहुधा दुसरीकडे असते.

सगळ्यांत मोठी चूक तुलनेत होते. एका डॅकचे आउटपुट २ व्होल्ट आणि दुसऱ्याचे २.५ असेल, तर दुसरा जवळजवळ २ डेसिबल मोठा वाजतो. कानाला मात्र ते 'मोठे' वाटत नाही. स्वर भरीव झाला, तानपुरा उलगडला, असे वाटते. म्हणून आधी आवाज सारखा करा. अॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम तळाशी ठेवून २०० हर्ट्झचा सलग सूर लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा आणि व्हॉल्यूम १ व्होल्टपर्यंत चढवा. मग डॅक बदला. मोठ्या वाजणाऱ्या डॅकचा आवाज प्लेअरमधून कमी करून आकडा जुळवा. १.०१ चालेल, १.१० नाही. त्यानंतर घरातल्या कुणाला तरी गुपचूप अदलाबदल करायला सांगून १६ वेळा ओळखून पाहा. १२ बरोबर आले तर फरक खरा मानायला आधार आहे. निव्वळ अंदाजाने तेवढे शंभरात चार वेळाही जमत नाहीत.

दुसरी चूक आकड्यांच्या मोहाची. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ दर (सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने) माणसाला ऐकू येणारी २० किलोहर्ट्झपर्यंतची कंप्रता पूर्ण पकडतो आणि १६ बिट (प्रत्येक नमुन्याच्या आकड्याची लांबी) सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला देतात. केसरबाई केरकरांची ७८ आरपीएमची तबकडी सीडीच्या दर्जात उतरवलेली असेल, तर ती फाइल १९२ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये बदलून तिच्यात नवे काही येत नाही. मिनिटाला १० एमबीचे ६९ एमबी होतात, एवढेच.

ध्वनिमुद्रणात मात्र २४ बिट घ्याच. चतुर्थीला घुमट आरती (घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटली जाणारी गोव्यातली आरती) मुद्रित करताना घुमटाची थाप आणि कांसाळ्यांचा, म्हणजे झांजांचा, ठोका अचानक उसळतो. सर्वांत जोरकस ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, अशी पातळी ठेवा. शून्याला, म्हणजे मीटरच्या कमाल मर्यादेला, आपटून सपाट झालेली लहर नंतर पूर्ववत होत नाही.

गाणे जलद आणि चढ्या पट्टीत वाजते? ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून वाजवली जात आहे. काळी एकमधला गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध जाऊन बसतो. प्लेअर, संगणक आणि डॅक या तिन्ही ठिकाणचे दर तपासा.

५० हर्ट्झची घुंई येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घुंई थांबली तर दोष अर्थिंगच्या वेढ्याचा (ग्राउंड लूप) आहे, म्हणजे उपकरणे एकाहून अधिक वाटांनी अर्थला जोडली गेली आहेत. सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल वापरा, तिच्यातून वीज वाहतच नाही. टीव्हीची केबल जोडलेली असल्यास तीही काढून पाहा. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही तोडू नका. पावसाळ्यात ओल आलेल्या चिऱ्याच्या भिंतींच्या घरात तर हा सरळ जिवाशी खेळ आहे.

आता आपल्या किनारपट्टीचा खास रोग: खारा वारा आणि चार महिन्यांचा दमटपणा. एका बाजूचा आवाज मधूनच जातो, खरखर येते, आणि लोक डॅक दुरुस्तीला नेतात. आधी आरसीए पिना (डॅक अॅम्प्लिफायरला जोडणाऱ्या केबलची गोल टोके) बघा. काळपट किंवा हिरवट पडल्या असतील तर तोच दोष. वीज बंद करा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसा, पिना दोन-तीनदा फिरवून बसवा आणि दहा मिनिटे सुकू द्या. अल्कोहोल पेट घेते, त्यामुळे घाईने स्विच लावू नका. हाच उपाय जूनच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा करा.