माफ करायला निघालात? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मी दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "दादा, मी तुला माफ केलं." आईच्या पाटल्यांवरून आमचं बोलणं बंद होतं. पाच मिनिटांत उत्तर आलं, "कशाबद्दल?" आणि भांडण नव्याने पेटलं.

न मागितलेली माफी अशी हातात कोंबली की तिचा आरोप होतो. बायबलमध्ये, मार्कच्या शुभवर्तमानात (11:25), येशू प्रार्थनेला उभं असताना क्षमा करायला सांगतो. तिथे समोरचा माणूस हजरही नसतो. पहिलं पाऊल तिथेच टाकायचं, मोबाइल बाजूला ठेवून.

माझी दुसरी चूक जास्त खोल होती. "जाऊ दे, झालं गेलं" म्हणत मी नेमकं काय झालं हेच बघत नव्हते. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत, 'आमची पापं क्षमा कर' म्हणतो तिथे, मत्तयाच्या शुभवर्तमानातला शब्द 'ऋण' आहे. ऋण सोडायचं तर आधी किती आहे ते कळायला हवं ना? मत्तय 18 मधल्या दाखल्यात एक चाकर दुसऱ्याचा गळा धरतो, तो शंभर दिनारांसाठी. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, तर शंभर म्हणजे तीन महिन्यांहून अधिक कमाई. धन्याने त्या गळा धरणाऱ्या चाकराला सोडलेल्या दहा हजार तालांतांपुढे (एका तालांतात हजारो दिनार) ती काहीच नाही, पण ती फुटकळ रक्कमही नव्हे. शेवटी एका रात्री मी वही घेऊन बसले, तेव्हा कळलं की दुखत होतं ते पाटल्यांमुळे नव्हतं. आईच्या शेवटच्या आठवड्यात दादाने माझे फोन उचलले नव्हते.

तिसरी चूक आपल्या मंडळीत सर्रास होते. मत्तय 18:15 म्हणतं, अपराध त्याला एकांतात दाखव. आपण मात्र घरसभेत "माझ्या दादासाठी प्रार्थना करा हं" म्हणून साद्यंत कहाणी सांगतो. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत उभं राहून हेच बोललो तर त्याला निदान चहाडी तरी म्हणतात.

"माफ केलंस ना, मग तक्रार मागे घे," असंही ऐकवलं जातं. विशेषतः मार खाणाऱ्या बायकांना. हे साफ चूक. आपल्या इंदूरचंच बघा. कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया उदयनगरहून बसने इंदूरला येत असताना 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्यांचा खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, तीही सिस्टरच, 2002 मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. म्हणजे सात वर्षांनी, आणि तेव्हा तो शिक्षा भोगतच होता. 2017 मध्ये राणी मारियांना इंदुरातच 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. क्षमेला वेळ लागला म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि क्षमा केली म्हणून तुरुंगाचं दार उघडावंच लागतं असंही नाही.

राग परत आला तर? येणारच. किती वेळा क्षमा करायची, याला येशूने दिलेला सत्तर गुणिले सात हा हिशेब मी तरी एकाच अपराधाला लावते. पाटल्यांचं कपाट आठवलं की पुन्हा पहिल्यापासून.

पाटल्या अजून दादाकडेच आहेत, आणि फोनही मीच करायचा असतो. गेल्या नाताळात करंज्यांचा डबा पाठवला होता. डबा परत आला तेव्हा त्यात वहिनीने लवंगी शेव भरली होती.