लेखक दांपत्याची कागदपत्रे लावताना या चुका टाळा

लेखन आणि समाजसुधारणा या दोन्हींत आयुष्य घालवलेल्या एखाद्या दांपत्याच्या घरातून जुन्या ट्रंका संग्रहालयात येतात, तेव्हा कसर आणि वाळवी यांनी आधीच्या पन्नास वर्षांत केले नसेल तेवढे नुकसान उत्साही मंडळी पहिल्या आठवड्यात करतात. कागद फाटत नाहीत, हरवतही नाहीत; फक्त कोणता कागद कोणाशेजारी होता हे कायमचे पुसले जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘त्यांचे’ आणि ‘बाईंचे’ असे दोन ढीग करणे. एका संस्थेत मी हे डोळ्यांदेखत पाहिले आहे. तीन ट्रंका आल्या होत्या. मी जेवायला गेलो आणि परत येईपर्यंत दोघा होतकरू विद्यार्थ्यांनी लुगड्याच्या काठाने बांधलेले रुमाल, म्हणजे कागदांची कापडी बोचकी, सोडून पुरुषी अक्षर डावीकडे, बायकी अक्षर उजवीकडे अशी वाटणी उरकली होती. उजवीकडच्या ढिगावर ‘घरगुती, किरकोळ’ अशी चिठ्ठीही लावली होती. त्या ढिगात दुधाच्या हिशेबाची एक वही होती, आणि ती उलटी धरून मागून उघडली की परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नावरील एका भाषणाचा खर्डा लागत होता. ते भाषण पुढे पतीच्या नावाने छापले गेले होते. पतीने सांगितले आणि पत्नीने उतरवून घेतले, असे त्या विद्यार्थ्यांनी लगेच ठरवून टाकले. मात्र नक्कल करणाऱ्याची चूक डोळा घसरल्याची असते. तोच शब्द पुन्हा आला की मधली ओळ गळते. तोंडून ऐकून लिहिणाऱ्याची चूक कानाची असते. या वहीत यांपैकी काहीच नव्हते. वाक्ये अर्ध्यावर सोडलेली होती, युक्तिवाद खोडून नव्याने मांडला होता, आणि एका समासात ‘हे त्यांना पटणार नाही’ असे लिहिले होते. लिहिणारीच विचार करत होती. त्या वहीला लागून कोणती पत्रे बांधली होती हे कळले असते तर वर्ष निश्चित झाले असते; ट्रंक उघडताना मी मोबाइलवर सहज काढलेल्या एका फोटोवरून अर्धाच क्रम परत लावता आला, आणि त्यालाही दोन महिने लागले.

म्हणून मी पहिल्या दिवशी एकही गाठ सोडत नाही. प्रत्येक थराचा फोटो काढतो, रुमालांना क्रमांक देतो आणि खोलीबाहेर जाऊन चहा पितो. हे वेळखाऊ आहे, अशी तक्रार करणाऱ्यांना मी या कामाला घेत नाही.

दुसरी चूक नावांची. लग्नात नाव बदलण्याच्या प्रथेमुळे एकच स्त्री सूचीत दोनदा येते, किंवा तिचे लग्नापूर्वीचे लेखन कोणा अनोळखी व्यक्तीच्या खात्यात जाते. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर होत्या. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचे लग्न १९२९ साली झाले, तेव्हा त्याआधीच्या कागदांवर कुसुम जयवंत हे नाव शोधावे लागते. अनिल १९५८ साली मालवणच्या आणि कुसुमावती १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, तरीही सूचीकाराच्या हातून ‘पत्नी’ एवढीच नोंद होते, याला आळसाखेरीज दुसरे नाव नाही. संग्रहाच्या शीर्षकात दोघांचीही नावे लिहावीत, आणि सर्व नावे एकमेकांकडे वळवणाऱ्या नोंदी कराव्यात.

तारखांबाबत एवढेच सांगतो की इसवी सन काढताना शकात सरसकट ७८ मिळवू नयेत. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८५१ च्या माघातले पत्र १९३० सालचे असते. हिंदी भाषक स्नेह्यांची पत्रे असतील तर वद्य पक्षात महिन्याचे नावही बदलते, कारण आपली श्रावण वद्य अष्टमी ही त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. पाकिटे ‘रिकामी’ म्हणून फेकणाऱ्यांनी, बिनतारखेच्या पत्राचा एकमेव साक्षीदार पुष्कळदा टपालाचा शिक्का असतो, हे ध्यानात ठेवावे.

लॅमिनेशन करू नये. ते सुरक्षितपणे परत काढता येत नाही. चिकटपट्टीही नको. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत. वर्तमानपत्रांची कात्रणे पत्रांना लागून ठेवू नयेत, त्यांतील आम्ल शेजारच्या कागदावर तपकिरी छाप सोडते. दमट कागद उन्हात वाळवण्याचा आजीचा उपाय पापडांसाठी राखून ठेवावा. कागद सावलीत, वाऱ्यावर वाळवावा.

एक चूक मात्र सुशिक्षितांचीच आहे. सुधारक दांपत्यांकडे अनोळखी माणसे आपली दुःखे लिहून पाठवत असत. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. अशा कामात येणारी पत्रे कोणत्या प्रकारची असतील, याची कल्पना करता येते. असे पत्र सापडले की त्याचा फोटो नावागावासकट समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई होते. कागद ज्याला पत्र आले त्याचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा असतो. अशी पत्रे मी वेगळ्या पाकिटात ठेवतो, सूचीत फक्त वर्ष आणि विषय लिहितो, आणि त्यांच्या मूळ जागी फक्त क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालतो.