कॅलिफोर्नियातील बदललेला शिक्षेचा कायदा जुन्या शिक्षेला लागू होतो का, हे कसे तपासावे

फेलनी, म्हणजे मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांबाबतचे नियम कॅलिफोर्नियाने २०१२ पासून इतक्या वेळा बदलले आहेत की, शिक्षा भोगत असलेल्या माणसाच्या घरी अशी प्रत्येक बातमी नवी आशा घेऊन येते. परंतु ती शिक्षा कमी होईल की नाही, हे बातमीवरून ठरत नाही. ते न्यायालयाचा एक कागद, तीन तारखा आणि विधेयकातील एखादे वाक्य यांवर ठरते. या गोष्टी घरच्यांनी स्वतः पाहिल्या, तर वकिलाशी होणारे पहिलेच बोलणे उपयोगी ठरते.

भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता देशभर लागू आहे, त्यामुळे फौजदारी कायदा सगळीकडे सारखाच असतो असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची दंडसंहिता वेगळी असते. न्यू जर्सीतील नातेवाइकाचा अनुभव कितीही खरा असला, तरी तो कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटमधील खटल्याला लावता येत नाही.

सर्वप्रथम ‘ॲबस्ट्रॅक्ट ऑफ जजमेंट’ हा शिक्षेचा गोषवारा मिळवावा. ठरावीक मुदतीच्या शिक्षेसाठी तो सीआर-२९० या नमुन्यावर असतो. त्यात प्रत्येक आरोपासमोर कलम, गुन्ह्याचे वर्ष, दोषी ठरल्याची तारीख आणि एल, एम किंवा यू यांपैकी एक अक्षर असते. ही अक्षरे खालची, मधली आणि वरची मुदत दाखवतात, कारण १९७७ पासून कॅलिफोर्नियात बहुतेक फेलनींसाठी कायद्यानेच तीन आकडे ठरवून दिलेले आहेत. उदाहरणार्थ, दुसऱ्या श्रेणीच्या जबरी चोरीला २, ३ किंवा ५ वर्षे आहेत. त्याखाली जादा शिक्षांची, म्हणजे जुन्या गुन्ह्यांसारख्या कारणांमुळे वाढवलेल्या वर्षांची, वेगळी नोंद असते आणि तीच सर्वांत काळजीपूर्वक वाचावी, कारण अलीकडचे बरेच बदल मूळ गुन्ह्याच्या शिक्षेत नसून या जादा वर्षांत झालेले आहेत.

आता तीन तारखा एका कागदावर लिहाव्यात: गुन्हा केव्हा घडला, निकाल अंतिम केव्हा झाला आणि नवा कायदा अमलात केव्हा आला. विधिमंडळाचे साधे विधेयक सहसा पुढील वर्षीच्या १ जानेवारीला लागू होते. मतदारांनी मंजूर केलेले प्रपोझिशन निकाल प्रमाणित झाल्यानंतर पाचव्या दिवशी लागू होते, आणि म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेले प्रपोझिशन ३६ हे १८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाले. त्याने दोन जुन्या चोऱ्यांची शिक्षा नावावर असलेल्या माणसाची पुढची चोरी फेलनी ठरवण्याची वाट उघडली. मात्र ती पुढची चोरी त्या तारखेपूर्वीची असेल तर ही तरतूद तिला लावता येत नाही. शिक्षा वाढवणारा कायदा मागे जाऊन लागू करण्यास अमेरिकेच्या संविधानाने राज्यांना बंदी घातली आहे, जशी आपल्याकडे अनुच्छेद २०(१) मध्ये आहे.

शिक्षा कमी करणाऱ्या कायद्याची गोष्ट निराळी असते. इन रे एस्ट्राडा या १९६५ च्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की, विधिमंडळाने वेगळे सांगितले नसेल तर सौम्य झालेला कायदा अजून अंतिम न झालेल्या सर्व खटल्यांना लागू होतो. अपील केलेच नाही, तर त्याची ६० दिवसांची मुदत संपताच निकाल अंतिम होतो. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन संपले असेल, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाण्याची ९० दिवसांची मुदतही धरावी लागते. अंतिम झालेल्या निकालाला मात्र नवा कायदा स्पष्ट शब्दांत पूर्वलक्षी केलेला असेल तरच स्पर्श करतो. ते शब्द राज्याच्या विधेयकांच्या अधिकृत संकेतस्थळावर शोधावेत. तेथे वगळलेला मजकूर रेघ मारून आणि नवा मजकूर तिरप्या अक्षरांत दाखवलेला असतो.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका माणसाने २०१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीची जबरी चोरी केली. त्याच्या नावावर आधीची एक घरफोडी होती आणि वाहनचोरीसाठी भोगलेला वेगळा तुरुंगवासही होता. मार्च २०१७ मध्ये त्याला मधली मुदत म्हणून ३ वर्षे मिळाली. घरफोडी ‘स्ट्राइक’, म्हणजे पुढच्या फेलनीची शिक्षा दुप्पट करणारा जुना गंभीर गुन्हा, असल्यामुळे त्यांची ६ झाली, त्याच घरफोडीमुळे आणखी ५ आणि जुन्या तुरुंगवासामुळे १, अशी एकूण १२ वर्षे झाली. अपील केले नाही, म्हणजे मे महिन्यातच निकाल अंतिम झाला. ती ५ वर्षे वगळण्याचा अधिकार न्यायाधीशांना सिनेट बिल १३९३ ने १ जानेवारी २०१९ पासून दिला, पण त्यात पूर्वलक्षी वाक्य नाही. येथेच बहुतेक घरांतील आशा मावळते, आणि ती अवेळी मावळते. कारण १ जानेवारी २०२० पूर्वी लावलेली ती १ वर्षाची जादा शिक्षा सिनेट बिल ४८३ ने, विशिष्ट लैंगिक गुन्ह्यांचा अपवाद सोडून, अंतिम निकालांतही निरर्थक ठरवली. इतकेच नव्हे, तर याच तरतुदीच्या, दंडसंहितेतील कलम ११७२.७५ नुसार फेरशिक्षा ठरवताना न्यायालयाने मधल्या काळात झालेले शिक्षा कमी करणारे इतर बदलही लागू करायचे असतात. म्हणजे एका वर्षाच्या नोंदीने उघडलेल्या दारातून त्या ५ वर्षांचा प्रश्नही आत जातो, आणि १२ वर्षांची शिक्षा ६ पर्यंत खाली येऊ शकते. तसे होईलच असे नाही, कारण ५ वर्षांचा निर्णय न्यायाधीशांच्या हाती असतो. म्हणून गोषवाऱ्यावरची लहान नोंद क्षुल्लक समजून सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

गोषवाऱ्यावर यू हे अक्षर असल्यास सिनेट बिल ५६७ पाहावे. १ जानेवारी २०२२ पासून वरची मुदत देण्यासाठी लागणारी कारणे आरोपीने मान्य केलेली किंवा ज्युरीपुढे सिद्ध झालेली असावी लागतात. जुन्या दोषसिद्धी मात्र प्रमाणित कागदपत्रांवरून धरता येतात.

अमेरिकेचे नागरिकत्व नसलेल्या आपल्या लोकांनी येथे विशेष सावध राहावे. चोरी, घरफोडी किंवा हिंसेच्या गुन्ह्यात एक वर्ष किंवा अधिक शिक्षा झाली, तर स्थलांतर कायद्यात ती ‘ॲग्रॅव्हेटेड फेलनी’ ठरू शकते आणि हद्दपारीची वेळ येऊ शकते. राज्याच्या न्यायालयाने नंतर शिक्षा कमी केली, तरी मूळ कामकाजात कायदेशीर दोष नसेल तर स्थलांतर खाते ती कपात मानत नाही, असा अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलचा २०१९ चा निर्णय आहे. अशा वेळी शिक्षेऐवजी दोषसिद्धीच रद्द होऊ शकते का, हे कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम १४७३.७ खाली विचारावे. स्थलांतरविषयक परिणाम न समजता कबुली दिली असेल, तर ती वाट उपलब्ध असते, पण त्या शिक्षेच्या कोठडीतून सुटल्यानंतरच.

हे सगळे टिपून झाल्यावर, शिक्षा ज्या काउंटीत झाली तेथील पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे सरकारी खर्चाने आरोपींचा बचाव करणाऱ्या वकिलाच्या, कार्यालयाला पत्र लिहावे. पत्रात खटल्याचा क्रमांक, तिन्ही तारखा आणि जादा शिक्षेची कलमे द्यावीत आणि गोषवाऱ्याची प्रत जोडावी. कलम ११७२.७५ ची प्रकरणे शोधून न्यायालयाला कळवणे हे तुरुंग खात्याचे काम आहे, म्हणून आपल्या माणसाचे नाव त्या यादीत गेले आहे का, हाच प्रश्न पत्राच्या पहिल्या ओळीत विचारावा.