जुनी गाडी बघायला निघण्याआधी

गाडी बघायला जायच्या आठवडाभर आधी एक वही घ्या आणि घरातली माणसं मोजा. रोज किती जण बसणार ते आधी, लग्नाला आणि तुळजापूरला किती जण बसणार ते नंतर. आम्ही अंबाजोगाईत राहतो. आमचा हिशोब रोजचे चौघं आणि वर्षातून सहा-सात वेळा सात जण, असा निघाला. तेवढ्या सहा-सात दिवसांसाठी सात सीटची अर्टिगा घेऊन वर्षभर तिचा खर्च ओढण्यापेक्षा आम्ही वॅगनआर घेतली, मोठ्या प्रवासाला भाड्याची गाडी करतो. दोन भावांचं एकत्र कुटुंब असेल तर सात सीटच बघाव्या लागतील. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या आणि त्यांनाच चढून-उतरून बघू द्या. गुडघे दुखणाऱ्या आईला जी गाडी चढता येत नाही ती तुमच्या घरची गाडी नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

त्याच वहीत महिन्याचे किलोमीटर लिहा. शाळा, बाजार, दवाखाना एवढंच फिरणं असेल तर पेट्रोल घ्या. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या कडक नियमांत बसणाऱ्या) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी लांब पल्ल्याला, बऱ्या वेगाने चालावी लागते. नुसती गावात फिरवली की तो चोंदतो आणि ते काम महाग पडतं. सीएनजी घ्यायचा विचार असेल तर आधी आपल्या तालुक्यात पंप कुठे आहे, तिथे रांग किती असते ते बघून या. बाहेरून बसवलेला किट आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, चढवलेला हवा. टाकीची दर 3 वर्षांनी होणारी तपासणी झाल्याचा कागदही मागा.

आता पैसे. हातात तीन लाख असतील तर अडीचपर्यंतचीच गाडी बघा. सोयाबीन-कापूस विकून आलेली सगळी रक्कम गाडीवर घालायची आणि पुढच्या महिन्यात टायरसाठी उसने मागायचे, हे मी माझ्याच भाऊबंदांत बघितलंय. मागे ठेवलेले पन्नास हजार विमा, नावावर करणं, बॅटरी, दोन-चार टायर आणि कदाचित क्लच प्लेट यात जातात. नाहीच गेले तर आनंद आहे.

वयाचंही बघा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे फिटनेस करून 5-5 वर्षांनी वाढवून मिळते, पण तो खर्च आणि चकरा धरून चाला. माझं स्पष्ट मत आहे, की 2015 च्या भारी मॉडेलपेक्षा 2019 च्या उत्तरार्धातलं साधं मॉडेल घ्यावं. एप्रिल 2019 पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आणि जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर कंपन्यांना सक्तीचे झाले. पुढच्या दोन्ही एअरबॅग सगळ्या गाड्यांना 2021 च्या अखेरीस आल्या. पोरं घेऊन हायवेने जायचं असेल तर टचस्क्रीन आणि अलॉय व्हीलपेक्षा हे महत्त्वाचं.

गाडी बघण्याआधी तिचा नंबर मागून घ्या. एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि मालक कितवा हे कळतं. चलनं किती थकली आहेत ते राज्याच्या ई-चलनाच्या पानावर दिसतं. सगळ्यात आधी आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते बघा. 2016 साली पहिली गाडी घेताना मी हेच केलं नाही. मालक म्हणाला कर्ज फिटलंय, मी विश्वास ठेवला. कर्ज एका पतसंस्थेचं होतं, तिचं पत्र मिळेपर्यंत आठ महिने गेले. तोवर गाडी दारात होती, पण माझी नव्हती. म्हणून कर्ज देणाऱ्याचं ना-हरकत पत्र आणि त्यांची सही-शिक्का असलेला, बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

नांदेड, देगलूर, उदगीर, उमरग्याकडच्या लोकांना हैदराबाद-बीदरची गाडी स्वस्त दिसते. तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी), इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं किमतीत मिळवून मग तुलना करा. फरक बऱ्याचदा चहापाण्याएवढा उरतो.

बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी काहीतरी झाकलंय असं समजून दुसऱ्या दिवशी परत जा. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. आपल्याकडे हे विसरून चालत नाही. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत राहायची सवय मराठवाड्यात घरोघरी आहे आणि त्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत दगडासारखा बसतो. आत हिरवं किंवा गुलाबी कूलंट दिसायला हवं. गढूळ तांबडं पाणी किंवा झाकणाला पांढरा थर दिसला, तर 42 अंशांच्या उन्हात ती गाडी कुठे उभी राहील याचा विचार करा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा असेल तर तिथूनच मागे फिरा. पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. चालू केल्यावर मागे एकाला उभं करा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय.

एसी मात्र दुपारीच बघायचा. म्हणजे दोन चकरा होतात, होऊ द्या. एसी लावून वीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. ट्रायल गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. शिवरस्त्याला घाला, काचा वर करा, रेडिओ बंद करा. पुढून खडखड येते की मागून, हे तेव्हाच ऐकू येतं.

मिस्त्री आपला न्या आणि त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे आपण द्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री विकणाऱ्याचाच असतो. बोनेटच्या आणि दारांच्या बोल्टांवरचा रंग खरवडलाय का, दाराचं रबर ओढल्यावर आतले कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके जागेवर आहेत का, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक पत्र्याला कुठे धरत नाही, हे तो झटकन बघतो. चुंबक सुटलं तिथे लांबी (पुट्टी) भरलेली. टायरवरचे चार आकडे तुम्हीच वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 3521 म्हणजे 2021 चा पस्तिसावा आठवडा. मीटर चाळीस हजार दाखवतोय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर शोरूममधून सर्व्हिसची नोंद काढायला लावा.

पुराची तपासणी वेगळी करा. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याकडेच नद्या गावांत शिरल्या, 2019 आणि 2021 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकतात. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाळाची रेघ तिथे राहते. चटईखाली हात घाला, स्टेपनीचा खड्डा बघा, काचा लावून पाच मिनिटं आत बसा आणि वास घ्या.

सौदा जमला की पैसे आरसीवर नाव असलेल्याच्याच खात्यात पाठवा. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, आधार-पॅनच्या प्रती आणि तारीख-वेळ घातलेली डिलिव्हरी नोट घ्या. स्टॅम्प पेपरने गाडी नावावर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. हे विकणाऱ्याला समजावून सांगा, मग तोही आरटीओत यायला टाळाटाळ करणार नाही. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावे करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल.

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, आधीच्या मालकाने कालच बदललंय म्हटलं तरी. स्टेपनीत हवा भरा, जॅक आणि पाना डिकीत आहेत का बघा. मांजरसुंब्याचा घाट त्यानंतर.